हातचे साडेतीनशे किलो

मला ऑफिसात खडूस म्हणतात. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही, पण पाठीमागे म्हणतात आणि ते मला बरोबर ऐकू येतं. म्हणू देत. सव्वीस वर्षं मी विमानांची वजनं करते, आणि वजन करणारी बाई गोड बोलायला लागली की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

वजन करते म्हणजे विमान काट्यावर नाही ठेवत. कागदावर करते. माणसं किती, त्यांच्या बॅगा किती, पोटातला माल किती, इंधन किती, सगळ्याची बेरीज मांडायची, ती मर्यादेत बसते का बघायचं आणि सही करून कागद कॅप्टनकडे पाठवायचा. त्याला लोडशीट म्हणतात. माझी सही नसेल तर विमान जागचं हलत नाही, मग आत कितीही मोठा माणूस पट्टा बांधून बसलेला असो.

या कामात प्रत्येकाची एक छुपी खोड असते. माझीही आहे. पोटात जाणाऱ्या बॅगा काट्यावर चढतात, पण लोक हातात जे घेऊन येतात ते कोणी तोलत नाही. परवानगी सात किलोची, आणतात अकरा, आणि चेहरा असा करतात की पिशवीत फक्त रुमाल आहे. म्हणून मी गुपचूप काही किलो जास्त धरते, आता आलेल्या मोठ्या विमानाला साडेतीनशे. ते कुठल्या नियमात नाही, कुठे लिहिलेलं नाही. लहानपणी बेरजेत हातचा धरायचो ना, तसे माझे हे हातचे. मला ते माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं, मी माझ्या हाताखालच्यांना शिकवलं, आणि शिकवताना एकच ताकीद दिली की याबद्दल कोणाशी बोलायचं नाही. लोकांना कळलं की त्यावर डोळा ठेवतात.

गेल्या वर्षी माझ्याच हाताखालच्या एकाने ते हातचे वापरले. वजनाने भरलेल्या विमानात त्याला मेव्हण्याला बसवायचं होतं. मेव्हणा गेला, सुखरूप पोहोचला, कोणाचं काही बिघडलं नाही. पण मी कागद तपासला आणि हातच्यांचं नाव न काढता लेखी तक्रार केली. त्याला माझ्या खोलीतून काढून खाली बॅगा चढवणाऱ्यांचा मुकादम केलं. तेव्हापासून त्याचं नाव 'मेव्हणा' पडलं, ते आजतागायत. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं नाही, हा त्याचा मोठेपणा. मी मात्र तेव्हा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आज मेव्हणा, उद्या मामा. नात्यागोत्यावर विमान उडत नाही." फार ऐटीत म्हटलं होतं.

आमची कंपनी तशी चिमुकली. तासा-दोन तासांच्या उड्डाणांवर जगणारी. सकाळी जायचं, दुपारी यायचं, फराळाला एक बिस्किटाचा पुडा. दीड वर्षापूर्वी मालकांच्या मनात आलं की आपणही समुद्रापलीकडे जायचं. कुठल्याशा मोठ्या कंपनीने वापरून टाकलेली दोन मोठी विमानं घेतली, रंग दिला, आणि चौदा तासांचा थेट मार्ग जाहीर केला. आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार. गावभर हसले लोक. आमच्या ऑफिसातलेही हसले. मी हसले नाही, कारण ते विमान दादाच्या शहरात उतरणार होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी दुसरीत होते, तो कॉलेजात. बेरीज-वजाबाकी मला त्यानेच शिकवली, चुकले की टपली मारायचा, आणि मी शाळेत पहिली आले की सगळ्या गल्लीला सांगत सुटायचा. मी सगळ्यांना दटावते म्हणून मला मास्तरीणबाई म्हणायचा. तिशीत तो परदेशी गेला, तिथेच लग्न केलं, तिथलाच झाला. दर दोन वर्षांनी मात्र यायचाच. आई आणि मी, आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्याच्या येण्यावरून वर्षं मोजायचो.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, त्यामुळे प्रवास बंद. आई म्हणाली, मी जाते. तेव्हा ती बहात्तरची होती. दोन ठिकाणी विमान बदलायचं होतं. पहिल्याच ठिकाणी तिला कोणीतरी चाकाच्या खुर्चीवरून भलत्याच गेटवर नेऊन सोडलं. पर्स मांडीवर धरून ती पाच तास तिथे बसून राहिली, कोणाला विचारायची तिला लाज वाटली. तिचं विमान निघून गेलं. नंतर ती चक्कर येऊन पडली आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला पुढे न पाठवता घरी पाठवलं. परत आली तेव्हा मला म्हणाली, "अर्ध्यापर्यंत गेले होते गं." त्यानंतर आमच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, मध्ये कुठे उतरायचं नसेल तरच जायचं. सात वर्षं मायलेकांची गाठ नाही. फोनच्या पडद्यावर काय दिसतं ते दिसायचं.

म्हणून मी त्या नव्या मार्गासाठी जिवाचं रान केलं. माझ्या कामात नसलेली कामंसुद्धा ओढून घेतली. मोठ्या विमानांचे तक्ते बसवले, दोन महिने रविवार पाहिला नाही. आईला मी पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारचं पक्कं तिकीट काढलं. मंगळवारचं पहिलं उड्डाण पाहुण्यांनी, पत्रकारांनी आणि हौशी लोकांनी केव्हाच भरून टाकलं होतं. माझा स्वतःचा व्हिसा कागदांच्या घोळात अडकला होता, पण आईचा आला होता. आईचा आला म्हणजे सगळं आलं.

रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. वहिनी फार बोलणारी नाही. म्हणाली, "ताई, हृदय दमलंय म्हणतात. आज-उद्या असं नाही, पण ज्यांना यायचंय त्यांनी लवकर यावं, असं डॉक्टर म्हणाले." मी शुक्रवार म्हटलं. तिने विचारलं, "त्याच्या आधी नाही?" मला कळलं.

आमच्याकडे नोकरीतल्या माणसांच्या घरच्यांना एक सवलत असते. विमानात जागा उरली आणि वजन बसत असेल तर त्यांना घेतात, त्याला स्टँडबाय म्हणतात. उरली तर, बसलं तर. मी मंगळवारच्या यादीत आईचं नाव घातलं. माझी नोकरी सगळ्यांत जुनी म्हणून तिचं नाव पहिलं आलं. आदल्या दिवशी आठ जणांनी येणं रद्द केलं, म्हणजे जागा नक्की होत्या. आई त्याच दिवशी बॅग भरायला बसली. मी ती घरच्या काट्याला अडकवून पाहिली, अकरा किलो. वरच्या कप्प्यात एक नखं कापायचं यंत्र होतं. मी म्हटलं, ते तिकडे मिळत नाही का? "मिळतं," आई म्हणाली, "पण फोनवर बघितलंस का त्याची नखं? बिचारी ती तरी काय काय करेल. लहानपणी मीच कापायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही."

संध्याकाळी फोनवर दादाचा आवाज आला, अगदी खोल गेलेला. "मास्तरीणबाई, म्हातारीला पळवू नका. सावकाश येऊ दे. मी कुठे पळून चाललोय?"

मंगळवारी सकाळी अकराचं उड्डाण. आमच्या साध्यासुध्या विमानतळाला लग्नघराची कळा आली होती. फुगे, फिती, केक, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले पाहुणे. आईला मी आठ वाजता चाकाच्या खुर्चीत बसवून काउंटरवरच्या मुलींच्या हवाली केलं आणि वर माझ्या खोलीत गेले. माझ्या समोरच्या टेबलावर आमचा मार्गाचा आणि वाऱ्याचा हिशेब करणारा माणूस बसतो. सगळे त्याला 'हवामान' म्हणतात. निवृत्तीला आला आहे, आणि चेहरा कायम पाऊस पडणार असल्यासारखा. त्याने इंधनाचा आकडा माझ्यापुढे सरकवला.

"समोरचा वारा आहे, बाई. आज जोरात आहे. इंधन वाढवलंय."

एवढं सांगून तो कागद घेऊन खाली कॅप्टनकडे गेला, तो उड्डाण होईपर्यंत वर आला नाही. वारा समोरून असला की विमानाला जास्त इंधन लागतं. इंधनालाही वजन असतं, आणि विमानाचं एकूण वजन तर वाढवता येत नाही. मग दुसरं काहीतरी उतरवावं लागतं. पहिल्यांदा माल. मी यंत्रांच्या सुट्या भागांच्या सगळ्या पेट्या खाली ठेवायला सांगितल्या आणि बेरीज बसली. स्टँडबायचे चार जण बसत होते, त्यात आई पहिली. सव्वादहाला खालून निरोप आला, चौघांना जागा दिली, तुमच्या आईला एकतीसाव्या रांगेत खिडकीची. मी पाणी प्यायले. सकाळपासून पहिल्यांदा.

साडेदहाला कॅप्टनने कळवलं की त्याला आणखी एक हजार किलो इंधन हवं आहे. हा त्याचा अधिकार, त्याला कोणी विचारू शकत नाही. मी पुन्हा बेरीज मांडली. होतं नव्हतं ते सगळं कमी करून शेवटी तीनशे चाळीस किलो जास्त होत होते. चार स्टँडबाय आणि त्यांच्या बॅगा मिळून बरोबर तेवढे होतात. आणि माझ्याच कागदावर, हातातल्या सामानाच्या रकान्यात, माझे साडेतीनशे बसले होते.

मी त्या रकान्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. एक आकडा खोडायचा होता. तो माझाच होता, मीच घातलेला, आणि तो खोडला तर तपासणारं माझ्या वर कोणी नव्हतं. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. खालून मेव्हणा बोलत होता. चार बॅगा उतरवायचा आदेश त्याला संगणकावरून आपोआप गेला होता.

"ताई, यात आईंची बॅग आहे."

"माहीत आहे."

वॉकीटॉकी एकदा बंद होऊन पुन्हा खरखरला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमचे साडेतीनशे धरलेत ना?"

लोकांना वाटेल, मी त्या क्षणी दोनशे चाळीस माणसांचा विचार केला. केला, नाही असं नाही. नवा मार्ग, चौदा तास, खाली नुसतं पाणी, आणि मला मनापासून वाटत होतं की ते साडेतीनशे किलो हीच त्या विमानाची शेवटची शिल्लक आहे. पण खोटं कशाला बोलू. त्याच्या आधी मला मेव्हण्याचा चेहरा आठवला, आणि सगळ्यांसमोर मारलेलं ते वाक्य आठवलं. आज आकडा खोडला असता तर मी त्याच्यापुढे कधी मान वर करू शकले नसते.

"बॅग खाली काढ," मी म्हटलं, आणि सही केली.

आईला उतरवायला मी दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. विमानात शिरले तर पाहुण्यांना सरबत वाटणं चालू होतं. एकतीसाव्या रांगेत आई पट्टा बांधून बसली होती, हात मांडीवर, शाळेच्या पहिल्या दिवशी मूल बसतं तशी. मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तूसुद्धा येतेयस?"

मी खाली वाकले. "आई, उतरावं लागेल गं."

"का? चुकीचं आहे का हे विमान?"

"विमान बरोबर आहे. समोरून वारा आहे आज, वजन कमी करायला सांगितलंय. चार जणांना उतरवतोय. शुक्रवारचं तिकीट आहेच आपलं."

तिने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि पट्ट्याशी झटापट करू लागली. तो तिला सुटेना. मी सोडवला. शेजारच्या बाई उठून वाट देताना म्हणाल्या, अहो यांना कशाला उतरवता, यांचं काय वजन असणार. आईचं वजन एक्केचाळीस किलो होतं. तक्त्यात मोठ्या माणसाला पंचाहत्तर धरतात. कागदावर मी पंचाहत्तर किलोची आई उतरवली.

दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडवून त्यांनी विमानाला कमान केली. सगळे टाळ्या वाजवत होते. आई काचेपाशी खुर्चीत बसून बघत होती. तिनेच माझा हात हातात घेतला. "तू कशाला एवढं तोंड पाडतेस? वारा का तुझ्या हातात आहे? वाऱ्याला कोण काय करणार. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

वहिनीने त्या दिवशी दादाची दाढी करून त्याला स्वच्छ सदरा घातला होता. आई येत नाही हे त्याला सांगायचा तिला धीर झाला नाही, ते मला फोनवरून सांगावं लागलं. तो म्हणाला, "असू दे. मी शुक्रवारपर्यंत काही बाही करतो." बुधवारभर तो शुद्धीत होता. उशाशी खुर्ची ठेवायला लावली होती त्याने. वहिनीने बाजूला सरकवली तर पुन्हा मागून घेतली. गुरुवारी सकाळी तो गेला.

शुक्रवारी आई त्याच विमानाने गेली. वारा नव्हता, अकरा जागा रिकाम्या होत्या, तिला कोणी उतरवलं नाही. नेहमीच्या मापाने सुरळीत उड्डाण झालं. वहिनीने नंतर सांगितलं, आई तिथे पोहोचली, दादाजवळ बसली, रडली नाही. बॅग उघडून मागितली आणि त्याच्या दोन्ही हातांची नखं कापली. तिथल्या माणसांना आधी कळलंच नाही ती काय करतेय. कळल्यावर ते बाहेर जाऊन उभे राहिले.

सोमवारी पहिल्या उड्डाणाची आढावा बैठक होती. रजा घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण घरी बसून मी काय करणार होते? काचेची खोली, भिंतीवर आलेख, टेबलावर उरलेला केक. साहेब खुशीत होते. कॅप्टनने अहवाल वाचला. विमान उतरलं तेव्हा नियमाने जेवढं इंधन उरायला हवं, त्याच्यावर आणखी चार हजार शंभर किलो शिल्लक होतं.

"वारा तेवढा लागलाच नाही का?" साहेबांनी विचारलं.

"लागला ना. सांगितला होता तसाच लागला," कॅप्टन म्हणाला. "पण पहिलंच उड्डाण, म्हणून मी एक हजार आपला जिवाच्या समाधानाला घेतला होता."

हवामान खाकरला. "मीही दीड हजार वरचे धरले होते. नवा मार्ग आहे म्हणून. तसे नेहमीच थोडे धरतो."

मग विमानांची देखभाल बघणारे इंजिनिअर म्हणाले की जुनी इंजिनं जास्त पितात असं समजून त्यांनीही तक्त्यात सोळाशेची भर घालून ठेवली आहे. इंजिनं काही जास्त पीत नव्हती. सगळे एकमेकांकडे बघून हसले. गमतीचंच होतं ते. प्रत्येकाला वाटत होतं, शिल्लक ठेवणारा आपण एकटाच शहाणा, बाकीचे काठावर चाललेत.

बेरीज करणं हे माझं कामच आहे. एक हजार, दीड हजार, सोळाशे. चार हजार शंभर. त्यात माझे साडेतीनशे तर धरलेलेच नव्हते, ते आणखी वेगळे. एक्केचाळीस किलोची बाई त्या विमानात शंभर वेळा बसली असती.

"तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं का नाही?" मी हवामानाला विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण हसणं थांबलं.

तो गोंधळला. "बाई, असं कोणी सांगतं का? तुम्ही तरी तुमचे कधी सांगितलेत?"

त्या दिवशी उतरवलेल्या चौघांत माझी आई होती हे त्याला माहीत नव्हतं. त्याला ते शेजारच्याने कानात सांगितलं. त्याने चष्मा काढला आणि पुसत बसला, बैठक संपेपर्यंत पुसतच होता. आता नियम झालाय, सगळ्यांनी आपापले हातचे एकाच कागदावर लिहायचे. तो कागद हवामानानेच आखला. चांगला आखलाय.

तीन आठवड्यांनी आई परतली. शेजारपाजारचे भेटायला येऊन बसायचे, आणि आई प्रत्येकाला तेच सांगायची. "आदल्या विमानात बसले होते मी, पट्टासुद्धा बांधला होता. पण समोरून वारा सुटला. वाऱ्याला कोण काय करणार." सांगताना तिचा चेहरा शांत असायचा. कोणाविषयी तिच्या मनात किल्मिष नव्हतं. मी आत चहा करता करता ते ऐकायचे. आठ दिवस ऐकलं. नवव्या दिवशी सकाळी, ती केस विंचरत बसली असताना, मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. साडेतीनशे, मेव्हण्याचा वॉकीटॉकी, बैठक, चार हजार शंभर. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, हेही खरं आहे, आणि त्याची मला अजून शरम वाटते.

आईने फणी खाली ठेवली.

"त्याने आठवण करून दिली तुला? त्या खालच्या मुलाने?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालीस."

"हो, आई."

मी वाट बघत होते की ती हात उगारेल, बोलेल, निदान रडेल. ती इतकंच म्हणाली, "हे मला कशाला सांगितलंस गं? वाऱ्यावर मी राग धरला नव्हता. आता तुझ्यावर धरावा लागेल. आणि मला आता तुझ्याशिवाय कोण आहे?"

याला दोन महिने झाले. आई माझ्याशी बोलते. मी कामावरून आले की जेवलीस का विचारते, गोळ्या वेळेवर घेते, माझा डबा भरते. भेटायला कोणी आलं आणि दादाचा विषय निघाला की मात्र बोलता बोलता थांबते, आणि मी उठून आत जाईपर्यंत तशीच थांबून राहते. मी आत गेले की मग बाहेर ती त्याच्याबद्दल बोलायला लागते. तो लहानपणी कसा होता, काय म्हणायचा, कशाला हसायचा. मी दाराआड उभी राहून ऐकते.